मधले महिने कुठे गेले?

‘नटरंग’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेत होते आणि सगळ्यांसारखा गाण्यांसाठीच पाहिला होता. दुसऱ्यांदा पाहिला तो गेल्या पावसाळ्यात, माजरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये, आईबरोबर, ताट मांडीवर घेऊन. बाबा रात्रपाळीला गेले होते. पडद्यावर गुणा कागलकर नाच्या व्हायला राजी झाला, त्याचं पैलवानी अंग उतरलं, कंबर लवायला लागली, बोटं मुरडायला लागली. आईने ताकाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “ह्याचं त जेवण होईस्तोवर झालं. तुयंच काऊन इतकं हळू हाय मंग?”

मला हार्मोन्स सुरू होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच शंका आली होती की आपला डॉक्टर कुठेतरी चुकतोय. सातव्या महिन्यात हीच शंका मला आली होती आणि तिच्यापायी मी एक मूर्खपणा करून बसले होते. तो पुढे सांगते. आईच्या प्रश्नाचं वैद्यकीय उत्तर सरळ आहे, ते तिला त्याच रात्री दिलं. पण हा प्रश्न आमच्या दोघींच्या डोक्यात आला कुठून, हे शोधायला लागले तेव्हा प्रत्येक वेळी सिनेमा, सिरीज, पुस्तकं आणि फोनपाशीच येऊन थांबले. म्हणून हा लेख.

माजरी तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. चंद्रपूर जिल्हा, भद्रावती तालुका. नागपूरहून बल्लारशाला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं जंक्शन, इथून एक फाटा वणीवरून आदिलाबादकडे जातो. बाकी सगळं वेकोलिचं, म्हणजे कोळशाचं. दोरीवरचे कपडे काढताना झटकावे लागतात. आमच्या घरात ‘पाळी’ हा शब्द फक्त बाबांच्या ड्युटीसाठी होता: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. त्याचा दुसरा अर्थ मला वर्गातल्या मुलींच्या कुजबुजीतून कळला, आणि तो आपल्या वाट्याला यायचा नाही हेही त्याच दिवशी कळलं. असो. आता मी स्टेशनजवळच्या एका ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरते आणि ठरलेल्या दिवशी सकाळच्या गाडीने नागपूरला जाऊन डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून येते.

आधी फोनबद्दल. रीलच्या भाषेत ‘ट्रान्झिशन’ म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. कॅमेऱ्यासमोर हात न्यायचा, हात बाजूला झाला की कपडे बदललेले. आमच्याही बदलाला इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि दोन्हींची इतकी सरमिसळ झालीय की वेगळं करणं अवघड. एक वर्षाचा प्रवास तीस सेकंदांत. पहिला फोटो मुद्दाम वाईट उजेडात, चेहरा पडलेला. शेवटचा खिडकीशी, काजळ घातलेला. मधे गाण्याचा ठेका पडतो. मी अशा शेकडो रील्स पाहिल्यात, त्यातल्या कितीतरी सेव्ह केल्यात, आणि बनवणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. एकटीने खोलीत बसलेल्या मुलीला त्या रीलनेच पहिल्यांदा सांगितलं की असंही जगता येतं. तक्रार त्या ठेक्याबद्दल आहे. ठेका पडतो त्या जागी बारा महिने होते.

हा साचा इन्स्टाग्रामने काढलेला नाही. १ डिसेंबर १९५२ ला न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर क्रिस्टीन जॉर्गेन्सनची बातमी छापली: कालचा सैनिक, आज सुंदर तरुणी. जगभर गाजलेली पहिली बातमी ती. मथळा एका ओळीचा. जॉर्गेन्सन मात्र १९५० पासून कोपनहेगनमध्ये होती, डॉ. क्रिश्चन हॅम्बर्गर यांच्याकडे तिचे हार्मोन्स चालू होते, शस्त्रक्रियाही टप्प्याटप्प्याने झाल्या होत्या. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ ती कुठल्याच मथळ्यात बसणार नाही अशा अवस्थेत जगत होती. ती दोन वर्षं मथळ्याच्या अर्धविरामात गेली. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी याच दोन खुंट्यांना टांगल्या गेल्या.

मराठीत हे पाहायचं तर एक सोय आहे. एकाच दिग्दर्शकाने तीन वेळा या विषयाच्या आसपास काम केलंय. रवी जाधव यांचा ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला आला, ‘बालगंधर्व’ २०११ मध्ये, आणि ‘ताली’ ही हिंदी सिरीज ऑगस्ट २०२३ मध्ये. तिन्हींत पुरुष म्हणून जन्मलेलं, निदान तसं नोंदलेलं एक माणूस बाईच्या रूपात उभं राहतं. तिघांची कारणं अगदी वेगळी. गुणा पोटासाठी आणि कलेसाठी नाच्या होतो. नारायणराव राजहंस नट आहेत, बाई होणं हे त्यांचं काम. श्रीगौरी सावंत मात्र बाईच आहेत. या तिघांना एका माळेत ओवायचा माझा विचार नाही. बालगंधर्वांना ‘आपल्यातले’ म्हणून ओढून घ्यायचा मोह आमच्यातल्या बऱ्याच जणींना होतो, तो मला पटत नाही. मला फक्त एवढंच बघायचंय की शरीर बदलायला लागणारा वेळ या तीन ठिकाणी कुठे ठेवलाय.

‘बालगंधर्व’मध्ये तो रंगपटात ठेवलाय. सुबोध भावे आरशासमोर बसतो आणि उठतो तेव्हा भामिनी असतो. विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. ती नजर, तो पदर, तो नाकाचा तोल, मी थिजून पाहिलं होतं. एकेकाळी महाराष्ट्रातल्या घरंदाज बायका बालगंधर्वांसारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखे दागिने घालायच्या. बाईचं माप एका पुरुषाने ठरवून दिलं आणि बायकांनी ते आनंदाने घेतलं. यात मला गंमतही वाटते आणि थोडी ईर्ष्याही. पण रंगभूषा रात्री पुसता येते. ती जितक्या वेळात चढते, तितक्यापेक्षा कमी वेळात उतरते. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व संत एकनाथ म्हणून आले तेव्हा प्रेक्षकांना त्या शरीरातला पुरुष नव्याने ओळखून घ्यावा लागला असणार. मला या माणसाच्या उतरणीच्या वर्षांचं कुतूहल जास्त आहे: अंग सुटत गेलं, वय दिसायला लागलं, तरी लोक त्या आवाजाखातर डोळे मिटून रुक्मिणी पाहत राहिले. तिथे खराखुरा हळू बदल होता. सिनेमा तिथेही जातो, पण दुःखाच्या पार्श्वसंगीतासह, भरभर.

‘ताली’बद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण ती सिरीज आमच्या बाजूची आहे. आईने ती पाहिली म्हणून घरातली पुढची बोलणी सोपी झाली, हे माझ्यावरचं ऋण. पण लहानपणीचा गणेश त्यात कृतिका देव साकारते आणि पुढची गौरी सुष्मिता सेन. दोघीही चांगल्या अभिनेत्री, आणि दोघीही जन्माने बायका. ट्रान्स अभिनेत्री का घेतली नाही, हा वाद तेव्हा बराच झाला, तो मी पुन्हा उकरत नाही. मला खटकलं ते वेगळं. ज्या शरीरावर ही सगळी गोष्ट घडते ते शरीर त्या पडद्यावर एकदाही आलेलं नाही. एक बाई मुलगा असल्याचं दाखवते, दुसरी बाई आधी पुरुष असल्याचं दाखवते, आणि खरं जे काही घडलं ते या दोघींच्या मधल्या फटीत. दाढीच्या खुंटांवर कन्सीलर लावून बाहेर पडण्याचे महिने, आरशात कधी ही कधी तो दिसण्याचे महिने, शर्ट छातीला घासला की कळ उठते ते महिने. पात्रनिवडीतच ते गेले. सिरीजचा जीव कोर्टात आहे, १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आहे, हे मान्य. निकाल लागायलाही वर्षं लागतात आणि ती वर्षं सिरीजला दाखवता येतात. कोर्टाच्या तारखांना पडदा मिळतो, रक्ततपासणीच्या तारखांना मिळत नाही.

राहिला ‘नटरंग’. याच्याकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. गुणाला बाई व्हायचंच नाहीये. त्याला राजा व्हायचंय. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा, आणि त्यातली नाच्याची भूमिका म्हणजे गुणाच्या पुरुषपणावर लादलेली शिक्षा. शेवटाकडे त्याच्यावर जे अत्याचार होतात ते पाहताना मी आईचा हात धरला होता. बाईपण म्हणजे अपमान, हे समीकरण सिनेमा मोडत नाही, आणि त्याबद्दल त्याच्याशी भांडायला हवं.

तरीही माझ्या शरीराबद्दल सगळ्यात खरं कोण बोललं, तर हाच सिनेमा. कारण त्याला वजन कळतं. अतुल कुलकर्णीने या भूमिकेसाठी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं, हे तेव्हा पेपरातून आलं होतं. पडद्यावर दोन-चार प्रसंगांत जे उरकतं, त्यामागे एका खऱ्या शरीराचे खरे महिने आहेत, आणि ते दिसतात. खांदे रिकामे झालेले दिसतात. कमावलेलं अंग घालवताना गुणा हळहळतो. ती हळहळ मला दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत सापडली नाही.

आमच्याकडे सिलिंडर मीच उचलायचे. दारातून स्वयंपाकघरात, एका दमात. नवव्या-दहाव्या महिन्यात एकदा उचलायला गेले तर ते जमिनीवरून सुटेना. परत वाकले, परत तेच. शेवटी तिरकं करून, गोल फिरवत नेलं. मला हवं होतं तेच घडत होतं. दंड बारीक होत होते, ब्लाउजची बाही बसायला लागली होती. आणि मी सिलिंडरशेजारी बसून रडत होते. हवी असलेली गोष्ट मिळताना आपण काहीतरी गमावतोय याचं दुःख करायची परवानगी ना रील देते, ना ‘ताली’. तिथे प्रत्येक बदल हा सुटकाच असावा लागतो. एकदा जरी म्हटलं की जुन्या ताकदीची आठवण येते, तर लगेच कुणीतरी विचारणार, मग पस्तावलीस का? नाही पस्तावले. गुणाची गोष्ट माझी नाही, तरी त्याला ताकद जाताना कशी लागते ते माहीत आहे. एवढ्यासाठी मी त्या सिनेमाच्या पुष्कळ चुका पोटात घातल्या.

(एक गंमत. गुणा कागलचा. कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. नागपूरला होस्टेलवर माझी एक रूममेट मुरगूडची होती. मी चोरून ‘मी जाते’ची प्रॅक्टिस करत असताना ही अस्सल मुलगी बिनधास्त ‘चल, मी येतो’ म्हणून निघून जायची. व्याकरणाचा माझ्यावरचा धाक तिने निम्मा केला.)

आता मूर्खपणा. आधी एक पान सांगते, म्हणजे तो नीट कळेल. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एक तक्ता आहे. डाव्या बाजूला बदलाचं नाव, पुढे दोन रकाने: सुरुवात केव्हा, आणि पूर्ण केव्हा. चरबीची ठेवण बदलणं: सुरुवात तीन ते सहा महिने, पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षं. स्तनांची वाढ: तेच, तीन ते सहा महिने आणि दोन ते तीन वर्षं. स्नायू आणि ताकद कमी होणं: तीन ते सहा महिने, एक ते दोन वर्षं. अंगावरचे राठ केस कमी होणं: सहा ते बारा महिने, आणि पुढे तीन वर्षांहून जास्त. त्वचा मऊ होण्याच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात चक्क ‘माहीत नाही’ लिहिलंय. आवाजाच्या ओळीत: काही नाही. फुटलेला आवाज गोळीने परत येत नाही, तो शिकून, सराव करून घडवावा लागतो. हाडं, उंची, पंजे, तेही तसेच राहतात.

समीक्षकाच्या नजरेने पाहिलं तर या विषयावरचं मी वाचलेलं सगळ्यात प्रामाणिक लेखन म्हणजे हा तक्ता. एकट्या त्याच्याकडे दोन रकाने आहेत. बाकी सगळ्यांकडे एकच असतो. पण तक्त्याला चेहरा नाही, आणि सहाव्या महिन्यातल्या मुलीला तो रात्री दोन वाजता कवेत घेत नाही. ‘तीन ते सहा महिने’ हे ती वाचते आणि त्याचा अर्थ लावते ‘तीन’. नागपूरच्या डॉक्टरांनी मला हे आकडे समजावले होते. मी मान डोलावली होती. घरी येऊन रील लावली होती.

सातव्या महिन्यात मी मनाने गोळी वाढवली. किती होती आणि किती केली ते इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांत मी असेन, सात महिन्यांची. छातीत सुपारीएवढी गाठ लागत होती, दुखत होती, आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. गालांवर सकाळची सावली तशीच. सेंटरवर येणारी माणसं तशीच ‘भाऊ, आधार अपडेट करून द्या’ म्हणत होती. माझ्याबरोबर सुरू केलेल्या एका मुलीची रील आली होती. मला वाटलं, माझंच शरीर आळशी आहे, त्याला जरा टाच मारू. अकरा दिवस. बाराव्या रात्री डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखायला लागलं. इस्ट्रोजेनने रक्ताची गाठ होऊ शकते हे मला पाठ होतं. पायाकडे बघत पहाटेपर्यंत बसले आणि पहिल्या गाडीने नागपूर गाठलं. गाठ नव्हती. डॉक्टर रागावले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी एवढंच सांगितलं की जास्त गोळीने शरीर घाई करत नाही, फक्त धोका वाढतो. वयात येणाऱ्या मुलीलाही दोन-चार वर्षं लागतात, तिला कोणी विचारतं का, की झालं का अजून?

परतीच्या गाडीत वरोरा गेल्यावर मला ते वाक्य नीट ऐकू आलं. वयात येणं. मावसबहिणीच्या बाबतीत घरात कोणीही रोज टेप घेऊन उभं राहिलं नव्हतं. तिचं तिलाही कळलं नव्हतं केव्हा काय झालं, कारण ती बघत नव्हती. माझा घोळ असा की मी सत्ताविसाव्या वर्षी वयात येतेय आणि दिवसातून वीस वेळा बघतेय. रोज बघितलं तर काहीच हलत नाही. आमच्या खाणीबाहेर मातीचे ढिगारे आहेत, लहानपणी त्यांच्यापलीकडची झाडं दिसायची. ढिगारा वाढताना मी कधीच पाहिला नाही.

जॅन मॉरिसचं ‘कनन्ड्रम’ मी त्यानंतर वाचलं. १९७४ चं पुस्तक. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी ‘टाइम्स’ला पाठवणारी वार्ताहर ती हीच, तेव्हा जेम्स मॉरिस. १९६४ मध्ये तिने हार्मोन्स सुरू केले आणि शस्त्रक्रिया कॅसाब्लांकात झाली १९७२ मध्ये. मधे आठ वर्षं. पुस्तकातल्या पुष्कळ गोष्टी आज जुन्या वाटतात. बाईपणाबद्दल ती इतकं भाबडं लिहिते की मला तिच्याशी तावातावाने भांडावंसं वाटलं. पण ती गोळ्यांचा हिशेब देते, बारा हजारांच्या घरातला. तो आकडा वाचून मी पुस्तक मिटलं आणि माझ्या रिकाम्या पाकिटांचा डबा काढला. गिर्यारोहकांबरोबर राहिलेल्या माणसाला हळू चालण्याबद्दल लिहिता आलं, यात नवल नाही. शिखरापेक्षा तळावरचे दिवस जास्त असतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मराठीत असं काय आहे? लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ २०१२ मध्ये आलं, वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं. ते धाडसाचं पुस्तक आहे आणि आमच्या पिढीने ते उशीखाली ठेवून वाचलंय. पण ते घटनांनी गच्च आहे. नाच, गुरू, परिषदा, भांडणं, विमानतळ. शीर्षकातल्या दोन ‘मी’च्या मधे जी शांत, कंटाळवाणी, काहीच न घडणारी जागा आहे, तिथे ते थांबत नाही. बोलून सांगितलेल्या आत्मकथेचा तो स्वभावच असावा. समोर ऐकणारं माणूस बसलेलं असताना ‘मग तीन महिने काहीच झालं नाही’ असं कोण सांगेल? दिशा पिंकी शेख यांच्या कवितासंग्रहाचं नाव मात्र ‘कुरूप’ आहे. नुसतं ते नाव मला मधल्या महिन्यांत उपयोगी पडलं. कुरूप म्हणवून घ्यायची तयारी असली की आरशाची अर्धी धमकी संपते.

ज्युलिएट जॅक्सने २०१० ते २०१२ मध्ये ‘गार्डियन’मध्ये आपल्या बदलाबद्दल सदर चालवलं. सदर लिहिताना लिहिणारीलाही पुढचं माहीत नसतं, शेवट ठरवून मागे वळून पाहायची सोय नसते. माझ्या मते या विषयाला हाच आकार शोभतो: हप्त्याहप्त्याने. आणि गंमत म्हणजे मराठीत हप्त्यांची काय वाण आहे! आपल्या रोजच्या मालिकांत मंगळसूत्र हातातून गळ्यापर्यंत पोचायला तीन भाग लागतात, एक हळद दोन आठवडे चालते. एवढा फुकटचा वेळ जगात कुठल्याच कलाप्रकाराकडे नसेल. तो एकदा आम्हाला द्यायला हवा. रोज रात्री साडेआठला एक मुलगी आरशात बघते आणि काही झालेलं नसतं. टीआरपीचं काय ते नंतर बघू.

तोवर मी वही घातली आहे. आरशाबद्दल त्यात लिहायचं नाही, हा एकच नियम. दुसऱ्यांकडून काय आलं तेवढंच. अकरावा महिना: कटिंगवाल्याने ‘दाढी पण का?’ विचारलं नाही. तेरावा: प्लॅटफॉर्मवर एक आजी मला सरकून जागा देत ‘बस व माय’ म्हणाली, मग चेहरा बघून गप्प झाली, पण उठली नाही. पंधरावा: पोटॅशियम नॉर्मल. सोळावा महिना, मंगळवार.

आमच्याकडे बोलण्यात पुरुषाला ‘गा’ लागतो आणि बाईला ‘वं’. “जेवला का गा?” “जेवली का वं?” आईने मला आयुष्यभर ‘गा’ लावला. हार्मोन्सचं कळल्यावर ती नाव टाळायला लागली, मग ‘गा’ही टाळायला लागली, वाक्यं अर्धी सोडायला लागली. “जेवण... झालं?” मराठीत बाई-पुरुष टाळून बोलणं किती कठीण आहे ते तिची कसरत बघून कळलं. त्या मंगळवारी ती बाहेर दोरीवरचे कपडे झटकत होती आणि आत न बघताच म्हणाली, “कुकर बंद केला का वं?” तिच्या लक्षातही आलं नाही. मी कुकर बंद केला. वहीत तेवढंच लिहिलं, ‘कुकर’.

अठराव्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न निघालं आणि आई मला भद्रावतीला तिच्या नेहमीच्या शिंपिणीकडे घेऊन गेली. बाईने टेप गळ्यातून काढली, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मापं घ्यायला लागली. खांदा, बाही, छाती, कंबर. छातीच्या मापाशी ती जरा थांबली. आईला वाटलं आता ही काहीतरी विचारणार, म्हणून तीच आधी बोलली, “वाढतं अंग हाय तिचं. आतून माया जास्त ठेवजो.” शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. शिंपिणीने वहीत मापं लिहिली आणि विचारलं, “किती ठेवू? इंचभर?”

“दोन ठेव,” आई म्हणाली. “घाई नाही आपल्याले.”